चपला बाहेर

हे मी आजवर तोंडाबाहेर काढलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. गुरुजी शेवटच्या दुखण्यात मला ओळखून हसले, तेव्हा त्यांच्याजवळही नाही. तुम्ही बोरीचे नाही, आर्णीचे नाही, म्हणून हिंमत करते आहे. तरी बघा, नुसती सुरुवात करायची म्हटली तरी भीती वाटतेच. माणूस म्हातारं होतं, मग त्याची भीती म्हातारी होत नाही का? माझी तरी झाली नाही.

मी मास्तरीण होते. जन्मभर पोरांना उतारे वाचायला शिकवलं. उतारा वाचा, खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहा — एवढंच. वत्सलाबाईंच्या हाताखालून गेलेलं पोरगं स्कॉलरशिपच्या उताऱ्यात चुकत नाही, असं लोक म्हणायचे. कुणी तोंडावर म्हटलं की मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायची. लोकांना वाटायचं, बाई किती साध्या, तारीफसुद्धा सोसत नाही. साधी कसली? मी घाबरायची. आता पुढचं कुणी काही विचारेल, म्हणून घाबरायची.

सरळ सांगता येणार नाही मला. जरा आजूबाजूने येते.

आमचा विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा उन्हाळा. आमचं गाव बोरी अरब. बाबांचं कापसाचं आणि तुरीचं वावर होतं, खाऊन-पिऊन सुखी घर. गावात सातवी पास झालेल्या मुली दोनच — मी आणि जुबेदा. जुबेदा करीमचाचांची मुलगी. करीमचाचा पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचे. हिवाळ्यात सगळ्या गावाच्या गाद्या-रजया त्यांच्या अंगणात येऊन पडायच्या, आणि पिंजणाची ती ‘ढंग ढंग’ आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. जुबेदा शाळेतून आली की बापाच्या हाताखाली बसायची, गाद्यांना टाके घालायची. तिच्या केसांत कायम कापूस. वाचायला मात्र माझ्यापेक्षा तरतरीत. मी ओळीवर बोट ठेवून वाचायची आणि ती पान उलटून मोकळी व्हायची. हे मला आवडायचं नाही, हेही आत्ताच सांगून टाकते.

यवतमाळला मास्तरणींचं ट्रेनिंग होतं. पण प्रवेशाला चाचणी होती — एक उतारा आणि काही प्रश्न, ज्यांना आमचे गुरुजी ‘अकलेचे प्रश्न’ म्हणत. अक्कल कशी तपासतात, ते आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. पण दोघींनीही जायचं ठरवलं होतं.

नापास झाले असते तर माझं काय होणार होतं? काही नाही. बाबांनी अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं की आमची वत्सला मास्तरीण होणार. चार दिवस लोक हसले असते. वर्षभराने मी पुन्हा बसले असते. बस.

आणि जुबेदाचं? करीमचाचा मला घरच्या मुलीसारखं वागवायचे, त्यामुळे माझ्यासमोरच बोलले होते. “पास झाली तं शिकन, बेटी. मी आडवा नाई येत. नाई झाली तं आर्णीवाल्यायले हो म्हणतो.” आर्णीचं स्थळ म्हणजे सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला एक माणूस, पहिली बायको वारलेली. जुबेदाने त्याला पाहिलंही नव्हतं. तिच्यापुढे एकच दार होतं, आणि ते त्या चाचणीचं होतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

त्या उन्हाळ्यात शाळेची कौलं उतरवलेली होती. म्हणून गुरुजींनी आमची शिकवणी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात लावली. आता जुबेदा देवळात कशी येणार? गुरुजींना वाईट वाटत होतं, पण गावासमोर बोलायची त्यांच्यात धमक नव्हती. त्या सभामंडपातली गादी करीमचाचांनी भरलेली, लोडांना टाके जुबेदाचे — आणि ती स्वतः आत येऊ शकत नव्हती. तेव्हा यात गुरुजी सोडून कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मग असं ठरलं की सकाळी मी देवळात बसून शिकायचं आणि दुपारी जुबेदाच्या अंगणात जाऊन जसंच्या तसं तिला शिकवायचं. गुरुजी मला म्हणाले, “तू तिची गुरुजी. एकही गोष्ट वगळू नको, बरं का.”

किती मोठी झाले होते मी त्या शब्दांनी! पहिले आठ-दहा दिवस मी खरंच काही वगळलं नाही.

मग एका सकाळी गुरुजींनी मला उतारा दिला. तुरीवरचा होता. त्यात लिहिलं होतं की तुरीला भरपूर पाणी लागतं. खाली प्रश्न — तुरीला पाणी किती लागते? मी शेतकऱ्याची पोर, मी लिहिलं, फार लागत नाही, मुळाशी पाणी साचलं तर तूर जळते. गुरुजींनी पाटी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“हे कोणी विचारलं तुले? बापाचं वावर घेऊन आत कायले शिरून राह्यली? देवळात येताना चपला कुठी काढतं?”

“बाहेर.”

“तसंच हे. उताऱ्यात शिरताना आपल्याले जे मालूम आहे ते बाहेर काढून ठेवाचं. आत जे लिहिलं तेवढंच खरं. चूक असन तरी तेच खरं. चपला बाहेर!”

अकलेचे प्रश्नही तसेच, असं त्यांनी सांगितलं. सर्व शिंपी टोपी घालतात, गोविंदा टोपी घालत नाही, तर गोविंदा शिंपी आहे का? नाही. आपल्या गावचा शिंपी बोडका फिरतो, तो विचार करायचा नाही. मला एकदम उजेड पडला. सगळी परीक्षा एवढ्यावरच उभी होती. बाकीचं सगळं आपोआप जमणार होतं.

आणि उठता-उठता गुरुजी सहज बोलून गेले, “आपल्या दारव्हा तालुक्यातून एखादीच घेतात म्हणे.”

एखादीच. मी घरी येईपर्यंत तो शब्द माझ्याबरोबर चालत आला. जेवायला बसले आणि अर्ध्या ताटावरून उठले. एखादीच — मग ती कोण? आईने विचारलं, ऊन लागलं का? हो म्हटलं. ऊन नव्हतं लागलं. मला जुबेदा पान उलटताना दिसत होती.

दुपारी तिच्या अंगणात गेले. तिने उतारा वाचला, झरझर उत्तर लिहिलं — तुरीला पाणी फार चालत नाही. माझंच सकाळचं उत्तर! मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, चपलांचं सांगायलाच. पण म्हटलं, उद्या सांगू. आज राहू दे. आणि पाटीवर बरोबरची खूण केली.

ही झाली अर्धी गोष्ट. इथपर्यंत मी स्वतःशीसुद्धा बोलू शकते. मनातल्या मनात म्हणते, विसरले, राहून गेलं, पोरवय होतं. पण पुढे जे झालं, ते राहून गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिंप्याचा प्रश्न. जुबेदा हसायला लागली. म्हणाली, टोपीचा आणि शिंप्याचा काय संबंध, आमच्या मोहल्ल्यातला तर कधीच टोपी घालत नाही. मी खूण केली — बरोबर. तिसऱ्या दिवशी एका उताऱ्यापाशी ती थांबली. हुशारच होती ती, तिच्या ध्यानात आल्याशिवाय राहणार होतं का? पेन्सिल खाली ठेवून तिने मला सरळ विचारलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. करीमचाचा आत नमाज पढत होते. तिचे शब्द मला अजून तसेच ऐकू येतात.

“वत्सला, एक सांग व. उताऱ्यातच चूक असन तं काय लिहू? त्याचं लिहू का खरं लिहू?”

किती सोपं विचारलं होतं तिने. गुरुजींचे शब्द माझ्या ओठांवर होते. ती माझ्याकडे बघत होती, एवढा विश्वास ठेवून की मला तिच्याकडे बघवेना. मी तिच्या केसांतला कापूस काढायचं निमित्त केलं आणि म्हणाले —

“खरं लिही.”

झालं. बोलले. हेच ते. बाहेरून ऐकलं तर किती चांगला सल्ला वाटतो, नाही? अख्ख्या आयुष्यात मी यापेक्षा मोठं खोटं बोललेले नाही.

परीक्षेला आम्हाला करीमचाचा घेऊन गेले. बाबांना वावरातलं काम होतं. मोटारीत चाचांनी आम्हाला खिडकीशी बसवलं, वाटेत केळी घेऊन दिली. माझं केळं मी तसंच पिशवीत ठेवलं. यवतमाळला पोहोचल्यावर ते बाहेर कडुलिंबाखाली बसले आणि आम्ही आत गेलो. मी चाचणीला घाबरत होते असं वाटेल तुम्हाला. नाही. चाचणी मला येणारच होती. मला भीती होती की उतारा वाचताना तिच्या लक्षात येईल, आणि ती तिथूनच माझ्याकडे वळून बघेल.

आणि ती वळलीच.

कागद उलटला. उतारा होता — कापूस आणि गादी. पिंजाऱ्याचं काम! जुबेदाने दोन बाकांपलीकडून मान वळवली आणि माझ्याकडे बघून हसली. अशी हसली, जणू देवानेच तिच्यासाठी तो कागद पाठवला होता. मी मान खाली घातली. उताऱ्यात लिहिलं होतं की कापूस जितका जास्त पिंजावा तितका त्याचा धागा लांब आणि मजबूत होतो. वावरातल्या पोरीलासुद्धा हसू यावं असं. खाली प्रश्न — पिंजल्याने कापसाच्या धाग्याचे काय होते? मी लिहिलं, लांब आणि मजबूत होतो. तिची लेखणी थांबतच नव्हती. कागद संपला म्हणून तिने दुसरा मागून घेतला.

परतीच्या मोटारीत ती बोलायची थांबेना. “त्या लिहिणाऱ्याले पिंजणं मालूमच नाई व! धागा लांब होते म्हणे! पिंजून पिंजून तो तुटते, म्हणून तं जुन्या गादीत नवा कापूस घाला लागते. म्या सारं सुधरवून देलं. एकेक ओळ.”

पुढच्या बाकावरून करीमचाचा मागे वळले. त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. “अपना पिंजन आया पर्चे में?” म्हणाले. धंद्याचं नाव सरकारी कागदावर आलं, आणि आपल्या पोरीने सरकारची चूक दुरुस्त करून दिली! शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी ते सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तूनं शिकवलं व तिले. अल्ला तुहं भलं करन.”

मी काय केलं? मी म्हणाले, “बरोबर लिहिलं तिनं.” आणि खिडकीबाहेर बघत बसले.

निकाल गुरुजींनी आणला. मी पास. जुबेदा नापास. गुरुजींना उमजेना, उताऱ्यात तिचा एकही प्रश्न बरोबर कसा नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, घाबरली असेल. घाबरली असेल! आणि मला तेव्हा नुसतं हेच वाटत होतं की आता हे तिच्या घरी जाऊन विचारतील. पळून जावंसं वाटत होतं, पण मी तिथेच उभी राहून पेढे वाटले.

मी निघायच्या आदल्या दिवशी जुबेदा आमच्या दारात आली. डोक्यावर वळकटी. चाचांनी माझ्यासाठी नवी गादी भरून दिली होती, टाके तिने घातले होते. मी आत ये म्हटलं. ती आली नाही. गादी ओट्यावर ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “नीट शिकवजो पोरायले.” आणि गेली. महिन्याभरात तिचा निकाह झाला.

नीट शिकवजो. हे तिने सहज म्हटलं की कळून म्हटलं? पुढच्या दहा-एक वर्षांत मी हे वाक्य किती वेळा उलटसुलट केलं असेल! आशीर्वाद होता, असं दिवसा वाटायचं.

आणि यवतमाळला गेल्यावर काय पाहिलं ते सांगू? बोर्डिंगात माझ्या शेजारची खाट रिकामी. पलीकडचीही रिकामी. देखरेखीच्या बाई म्हणाल्या, मुली मिळतच नाहीत, जेवढ्या पास होतील तेवढ्या सगळ्या हव्या आहेत. एखादीच वगैरे काही नव्हतं. गुरुजींनी कुठेतरी ऐकलेली ती उडती गोष्ट होती. दोन वर्षं त्या रिकाम्या खाटेशेजारी मी जुबेदाच्या टाक्यांवर झोपले.

नोकरी लागली. एक गाव, दुसरं गाव, मग बदलीचा हुकूम आला — आर्णी. बदलून घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आर्णीत सायकलच्या दुकानाची गल्ली शाळेपासून अगदी जवळ. मी बाजारात वळसा घालून जायची. बुरखा दिसला की रस्ता ओलांडायची. एवढी मोठी मास्तरीण, पोरं थरथर कापायची मला, आणि मी सायकलच्या घंटीला दचकायची.

मग एका जूनमध्ये चौथीच्या वर्गात नवी मुलगी आली. नसीम. बापाचा धंदा विचारला तर म्हणाली, सायकल दुरुस्ती. आईचं नाव विचारायची गरजच नव्हती. तीच मान, तसंच पान उलटणं.

मी तिला घाबरायला लागले. आठ-नऊ वर्षांची पोर! तिची पाटी तपासताना डोळ्यांत बघायची नाही. तिला मागच्या रांगेत बसवलं. स्कॉलरशिपसाठी मुलं निवडायची वेळ आली तेव्हा, कबूल करते, तिचं नाव गाळायचा विचारही मनात येऊन गेला. गाळलं नाही. चांगुलपणाने नव्हे. नाव गाळलं तर आई विचारायला येईल, म्हणून.

सरावाचा पहिला उतारा मी मुद्दाम चुकीचा बनवला, गुरुजी बनवायचे तसा. लिहिलं की गाय झाडावर राहते. गाय कुठे राहते? वर्गभर हशा. पोरं ओरडायला लागली, गोठ्यात बाई, गोठ्यात! मी नेहमीप्रमाणे, चपलांचं नाव कधीच न काढता, उताऱ्याचा नियम सांगायला उभी राहिले. माझं सगळं शिकवणं तिथूनच सुरू व्हायचं. इतक्यात मागून नसीम उठली. पाटी पुढे धरली. पाटीवर लिहिलं होतं — झाडावर.

“बाई, हे खोटं आहे,” ती म्हणाली. “पण उताऱ्यात असंच आहे, म्हून असंच लिहाचं. चपला बाहेर.”

वर्गात काय आवाज चालला होता ते मला मग ऐकू आलं नाही. चपला बाहेर. हे शब्द त्या सभामंडपातले. मी आणि गुरुजी, दोघांखेरीज कुणी ऐकलेले नाहीत. म्हणजे निकालानंतर ती गुरुजींकडे गेली होती. म्हणजे त्यांनी तिला सांगितलं होतं. म्हणजे गादी घेऊन दारात उभी होती, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. सगळं माहीत असून तिने ते टाके घातले होते.

“कोणी शिकवलं तुला?” मी विचारलं.

“अम्मीनं.”

“आणखी काय म्हणते अम्मी?” कशाला विचारलं मी? पण विचारलं.

“अम्मी म्हणते, परीक्षेत उताऱ्यातलं लिहाचं. अन् बाहेर आलं का चपला घालून खरं सांगाचं.”

पोरीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पाठ केलेलं सांगितलं तिने. हात पुढे करून खूण व्हायची वाट बघत होती. मी तिच्या पाटीवर बरोबरची खूण केली आणि पुढच्या मुलीची पाटी मागितली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. दुकान दिसत होतं. दुकानामागच्या घरातून शिवणयंत्राचा आवाज येत होता. मी परत फिरले, नेहमीच्या वळशाने. नसीम स्कॉलरशिपला पहिली आली, तेव्हाही गेले नाही. करीमचाचा वारले, तेव्हा बोरीला गेले आणि बायकांच्या घोळक्यात ती दिसली म्हणून अंगणातूनच मागे आले.

जुबेदा अजून आहे. आर्णीतच आहे, त्याच घरात. आणि मी हे तुम्हाला सांगते आहे.